दूरच्या दप्तरातील दुरुस्ती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या घरांबरोबर पेट्यांत जपलेले जमिनीचे उतारेही ढिगाऱ्याखाली गेले. अशा प्रसंगी हक्क शाबीत होतो तो घरातील नकलेवरून नव्हे, तर अन्यत्र सुरक्षित असलेल्या मूळ दप्तरावरून. आज हे दप्तर संगणकीकृत असून ते दूरच्या सर्व्हरवर असते. सजाच्या कार्यालयातील संगणकावर दिसते ते केवळ त्याचे रूप.

दूरची फाईल दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात फाईलची प्रत आपल्याकडे उतरवून घेतात, तीत बदल करतात व ती परत पाठवितात. शाळा वा पंचायतीच्या कार्यालयात सामान्यतः हाच मार्ग असतो. त्यात धोका असा की, दोघांनी एकाच वेळी प्रत घेतली, तर मागाहून पाठविणाऱ्याची फाईल पहिल्याची दुरुस्ती पुसून टाकते, आणि कोणास कळतही नाही. यास्तव काम चालू असेतो मूळ फाईलला कुलूप घालावे लागते. पाठविताना लाईन तुटली, तर अर्धवट फाईल मागे राहते. म्हणून चांगली प्रणाली नवी फाईल तात्पुरत्या नावाने ठेवते आणि ती पूर्ण पोहोचल्यावरच मूळ नाव देते. मजकूर युनिकोडमध्ये नसेल, तर दुसऱ्या संगणकावर मराठी अक्षरांचा चुथडा होतो, हा अनुभव आपल्याकडे पुष्कळांना आहे.

दुसऱ्या मार्गात फाईल हाती येतच नाही. बदलाची विनंती तेवढी जाते व सर्व्हर स्वतः नोंद करतो. ई-फेरफार या जातीचा आहे. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, नोंद घातली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जुने नाव पुसले जात नाही. त्यास कंस होतो. कोणी कधी काय बदलले, याचा माग त्यामुळे शिल्लक राहतो.

“एक काना चुकला आहे, तेवढा बदला,” असे खातेदार म्हणतो. त्याची अधीरता रास्त आहे. तरीही संगणकीकरणातील लेखनप्रमाद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खालील आदेशाशिवाय दुरुस्त होत नाही. हा विलंब जाचक वाटला, तरी पडद्यावर परस्पर नाव बदलता येण्यापेक्षा तो बरा. पंचायत सदस्यांनी खातेदारांस जुना हस्तलिखित सातबारा व १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शेजारी ठेवून नाव, गट क्रमांक व क्षेत्र ताडून पाहण्यास सांगावे. तफावत आढळल्यास अर्ज तहसीलदारांकडे करावयाचा असतो.