आवृत्तीचा दिवस कोणी ठरवावा?

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी लिहिलेल्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. जिची मूळ संहिता कोणासही वाचता, सुधारता व वाटता येते, ती मुक्त स्रोत आज्ञावली होय. अशा हजारो आज्ञावल्या जुळवून संपूर्ण संगणकप्रणाली सिद्ध करणारा ‘डेबियन’ हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. जगभरचे स्वयंसेवक तो चालवितात.

तेथे प्रत्येक आज्ञावली तीन पायऱ्या चढते : प्रथम ‘अस्थिर’, मग ‘चाचणी’ आणि अखेरीस ‘स्थिर’. स्थिर आवृत्ती काढण्यापूर्वी नव्या सुधारणा घेणे थांबवून केवळ दोष दूर केले जातात. या अवस्थेस ‘गोठवण’ म्हणतात.

आवृत्ती केव्हा काढावी? ‘सिद्ध होईल तेव्हा’, हे डेबियनचे जुने उत्तर. त्यात सचोटी होती. परंतु जुलै २००२ नंतरची आवृत्ती जून २००५ मध्ये निघाली. तोवर स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांस जुन्याच सामग्रीवर भागवावे लागले. दरम्यान ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनवरच आधारलेली ‘उबुंटू’ अवतरली व दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देऊ लागली.

साहजिकच तारीख पाळण्याचा आग्रह वाढला. २००६ साली काही सभासदांनी देणग्यांतून दोन आवृत्ती-व्यवस्थापकांस काही काळ वेतन देण्याची योजना आखली. आवृत्ती डिसेंबरात निघावी, हा हेतू. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात निवडक दोघांसच मोबदला का, असा आक्षेप निघाला. काहींनी निषेधार्थ आपले काम कमी केले. आवृत्ती अखेर एप्रिल २००७ मध्ये निघाली.

वादाचे मूळ येथे ध्यानी घ्यावे. प्रसिद्धीचा दिवस अढळ ठेवला, तर दोष तसेच राहण्याचे भय. मुळीच न ठरवला, तर प्रत्येकास आणखी एक सुधारणा घालण्याचा मोह. यातून मधला मार्ग निघाला : गोठवणीचा दिवस पंचांगाने ठरवावा, प्रसिद्धीचा दिवस मात्र गुणवत्तेने. ग्रंथासाठी लेख स्वीकारण्याची मुदत ठरलेली असावी, पण छपाई मुद्रिते निर्दोष झाल्यावरच व्हावी, तसे हे आहे. २००९ साली पुरेशा विचारविनिमयावाचून जाहीर केलेली गोठवणीची तारीख आक्षेपांमुळे मागे घ्यावी लागली. तत्त्व मात्र टिकले. फेब्रुवारी २०११ ते ऑगस्ट २०२५ या काळात सुमारे दर दोन वर्षांनी एक, अशा आठ स्थिर आवृत्त्या निघाल्या.

स्वेच्छेने काम करणाऱ्यांवर तारीख लादता येत नाही. ती सर्वांच्या संमतीने व पुरेशी आधी ठरली, तरच पाळली जाते.