कबुली आणि रक्त

न्यायवैद्यकशास्त्र म्हणजे गुन्हेगार पकडण्याची विद्या, अशी आपली समजूत. पण गुन्ह्याच्या तपासात डीएनए चाचणीने प्रथम सोडवला तो एक निरपराध मुलगा!

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये ही पद्धत शोधली. माणसामाणसांच्या डीएनएत ठरावीक तुकड्यांची पुनरावृत्ती निरनिराळी असते, हा तिचा पाया. त्याच परगण्यात १९८३ व १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांनी नमुने ताडून पाहिले: दोन्हीकडे पुरुष एकच, पण तो हा मुलगा नव्हे. माझ्या मते प्रयोगशाळेचे खरे मोल इथेच आहे.

मग पाच हजारांवर पुरुषांची तपासणी झाली. खऱ्या गुन्हेगाराने आपल्या नावावर सहकाऱ्याचे रक्त द्यायला लावले व तो निसटला! पुढे त्या सहकाऱ्यानेच ही गोष्ट दारूच्या गुत्त्यात बोलून दाखवली, आणि १९८७ मध्ये गुन्हेगार हाती लागला.