काढलेले यकृत कसे जपतात?

आपल्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, एक मोठा अवयव आहे. त्याला यकृत म्हणतात. दवाखान्यात त्यालाच लिव्हर म्हणतात. बकऱ्याची कलेजी आपण पाहिली आहे ना? तेच हे. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते. पित्त तयार करणे, अन्नातले सत्त्व साठवणे, रक्तातले विष निवळणे ही त्याची कामे.

दारूने किंवा काही जातींच्या काविळीने यकृत कायमचे निकामी होते. मूत्रपिंड बिघडले तर यंत्राने रक्त गाळून माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो. यकृताची सारी कामे तशी वर्षानुवर्षे करील असे यंत्र नाही. मग दुसऱ्याचे यकृत बसवावे लागते. अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली हा प्रयत्न प्रथम केला. तो रोगी वाचला नाही. १९६७ साली मात्र त्यांना यश आले.

जिवंत नातलग आपल्या यकृताचा तुकडा देऊ शकतो. तो पुन्हा वाढतो. नाहीतर, ज्याचा मेंदू कायमचा मेला आहे अशा माणसाचे यकृत, घरच्यांनी होकार दिला तर, काढून घेतात. पण देणारा एका गावी आणि घेणारा दुसऱ्या गावी. मधल्या वेळात यकृत टिकवायचे कसे?

तोडलेली भाजी उन्हात सुकते, ओल्या फडक्यात टिकते. इथेही तसेच आहे. रक्त थांबले की यकृताला प्राणवायू मिळत नाही. ते आतून बिघडू लागते. थंड केले की त्याची भूक कमी होते. म्हणून ते सुमारे ४ अंशांवर ठेवतात.

नुसती थंडी पुरत नाही. थंडीत यकृताच्या बारीक पेशींत पाणी शिरते आणि त्या फुगतात. हे टाळण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८० नंतरच्या काळात एक खास द्रावण तयार केले. ते नळीने यकृतात सोडून आतले रक्त धुऊन काढतात. मग यकृत त्याच द्रावणात, एकात एक अशा पिशव्यांत बांधतात आणि बर्फाच्या पेटीत ठेवतात. पूर्वी सहा-आठ तासांची घाई असे. या द्रावणामुळे बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ मिळू लागला. तरी लवकर बसवलेले बरे.

कोणी म्हणेल, "मग दगडासारखे गोठवून का ठेवत नाहीत?" गोठवलेला टोमॅटो बाहेर काढला की पिचपिचीत होतो. बर्फाचे टोकदार कण पेशी फोडतात. यकृताचेही तसेच होईल. म्हणून पेटीतला बर्फही यकृताला लागू देत नाहीत.

आता आणखी एक रीत निघाली आहे. यंत्राने यकृतात कोमट रक्त आणि प्राणवायू फिरवत ठेवतात. उष्णता अंगाइतकीच, ३७ अंश. यकृत शरीराबाहेर असूनही पित्त तयार करते! त्यामुळे ते चांगले आहे की नाही, हे आधीच कळते. पेटीतले यकृत गप्प असते. ऑक्सफर्डच्या मंडळींचे हे यंत्र लंडनमध्ये २०१३ साली प्रथम वापरले. २०१८ साली २२० शस्त्रक्रियांचा अहवाल आला. यंत्रावरच्या यकृतांना इजा निम्मी झाली आणि टाकून द्यावी लागणारी यकृतेही निम्म्यावर आली. २०२१ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एक यकृत तीन दिवस यंत्रावर ठेवून रोग्याला बसवले. पण ही यंत्रे फार महाग आहेत. बर्फाची पेटी स्वस्त आणि सोपी आहे.

पेटी निघाली की घड्याळ सुरू होते. म्हणून पोलीस रस्ता मोकळा करतात. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की आपणही बाजूला व्हावे. आपल्या देशात १९९४ सालापासून यासाठी कायदा आहे. अवयव विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. अवयव काढल्यावर देह नीट शिवून घरच्यांच्या स्वाधीन करतात. अंत्यविधी रीतीप्रमाणे होतो.

द्रावण असो की यंत्र, घरच्यांनी "हो" म्हटले तरच त्याचा उपयोग. दुःखाच्या वेळी हे ठरवणे फार जड जाते. म्हणून आपली इच्छा आजच घरात बोलून ठेवावी, असे आम्ही सांगतो.

प्रश्न
१. यकृत थंड का ठेवतात?
२. ते गोठवत का नाहीत?
३. यंत्रावर ठेवल्याने कोणती गोष्ट आधी कळते?
४. तुमची इच्छा घरी कोणाला सांगाल?