ट्रॅक्टरची हवा ट्रकच्या गेजने मोजू नका

टायरच्या व्हिडिओत आकडे भराभर सांगून झाले, म्हणून इथे सावकाश लिहितोय. बोईसर, मनोर, चिल्हार फाटा या पट्ट्यात ज्यांना टायरचं दुकान टाकायचंय, त्यांनी वही-पेन घेऊन बसा.

आपल्याकडे असं दुकान उभं राहतं ते तारापूर एमआयडीसीच्या ट्रक-टेम्पोच्या जिवावर. कॉम्प्रेसर, नोझल, गेज सगळं त्याच हिशोबाने घेतलेलं. ट्रकला हवा लागते १०० पीएसआयच्या आसपास. मग पावसाच्या तोंडावर आतल्या गावातून ट्रॅक्टर येतो. त्याच्या मागच्या मोठ्या टायरला शेतात हवी असते साधारण १२ ते १४ पीएसआय. आता बघा, १५० पर्यंतच्या गेजमध्ये २ टक्क्यांची चूक धरली तरी ती ३ पीएसआय होते. ट्रकला ३ चा फरक म्हणजे काहीच नाही. ट्रॅक्टरला १२ मध्ये ३ म्हणजे थेट पाव भाग! म्हणून पहिली खरेदी सांगतो: ० ते ३० पीएसआयचा वेगळा गेज. दुकानातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू असेल, पण गिऱ्हाईक तिच्यामुळे परत येईल.

एवढी कमी हवा कशाला, असं शेतकरीही विचारतो. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो आतल्या हवेच्या दाबाच्या जवळपास असतो. हवा कमी असली की टायर पसरून बसतो, जास्त ग्रिप जमिनीला लागते, चाक जागेवर फिरत नाही आणि डिझेल वाचतं. टणक टायर भाताच्या खाचरात रुततो, शिवाय खालची माती दाबून टाकतो. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत अलिस-चाल्मर्स कंपनीने लोखंडी चाकांऐवजी हवेचे टायर लावून ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली, तीही कमी दाबाच्या टायरवरच. म्हणजे हे काही नवीन शास्त्र नाही.

आपल्या भागाची खरी अडचण पुढे आहे. तोच ट्रॅक्टर जून-जुलैत चिखलणी करतो आणि पाऊस सरला की वाडा-विक्रमगडकडे गवत, विटा, रेती ओढतो. डांबरी रस्त्यावर ट्रॉली लावून १२ वर चालवला तर टायरच्या बाजू सतत दुमडतात, गरम होतात, मग चिरा पडतात. भरल्या ट्रॉलीचा भार मागच्या टायरवरही येतो, त्यामुळे तेव्हा १६ ते १८ च्या आसपास ठेवतात. पुढच्या ६.००-१६ टायरला मात्र २८ ते ३६ लागतात. हे ढोबळ आकडे आहेत. कंपनीचं पुस्तक आणि टायरच्या बाजूवर छापलेला आकडा यांच्यापुढे माझं काहीही ऐकू नका. ट्रॉलीच्या टायरचा हिशोब तर पूर्ण वेगळा, त्यात ट्रॅक्टरचा आकडा कधीच वापरायचा नाही.

हवा फारच कमी झाली याची खूण गेजशिवायही दिसते. ट्यूबचा व्हॉल्व तिरका झालेला असतो. जोर लागल्यावर रिम आत फिरते, टायर-ट्यूब मागे राहतात आणि एक दिवस व्हॉल्व मुळातून तुटतो. असा तिरका व्हॉल्व दिसला की गिऱ्हाईकाला तिथेच दाखवा. नुसती हवा भरून पाठवू नका, ट्यूब मोकळी करून सरळ बसवा. हे काम पैशाचं आहे.

बरेच जण वजनासाठी मागच्या टायरात पाणी भरतात, जास्तीत जास्त पाऊण भाग. तिथे हवा तपासताना व्हॉल्व नेहमी वरच्या बाजूला आणा. खाली असेल तर पाण्याच्या वजनाने गेज एक-सव्वा पीएसआय जास्त दाखवतो, आणि पाणी शिरून साधा गेज गंजतो तो वेगळाच. टायर रिमवर बसवताना ३५ पीएसआयच्या वर कधीही जाऊ नका. बसत नसेल तर हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. ‘अजून थोडी मार’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाचं ऐकू नका, फुटलेला टायर माणूस मारतो.

आता धंद्याचं. नुसत्या हवेचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही, खरं आहे. पण चिखलणीच्या दिवशी ट्रॅक्टर बसला तर आवणीला आलेली माणसं बांधावर बसून राहतात आणि त्यांची मजुरी शेतकऱ्याच्या अंगावर पडते. तो पैसे देतो ते हे टाळण्यासाठी. म्हणून गावात फेरी ठेवा. धरून चालू, एका फेरीत ८ ट्रॅक्टर, प्रत्येकी १५० रुपये, म्हणजे १,२०० झाले. पेट्रोल आणि पोऱ्याचे ५०० गेले, हातात ७००. एवढ्यावर दुकान चालत नाही. पण त्या ८ पैकी दोघांची ट्यूब, एकाचा पॅच, एकाचा टायर निघतोच, आणि तो माल तुमच्याकडूनच जातो. मी तरी फेरीला जाहिरातीचा खर्च म्हणूनच धरतो.

फेरी सकाळी सहा-सातलाच करा. ट्रॅक्टर चालून आला की टायर तापतो आणि आकडा वर दिसतो. तापलेल्या टायरची हवा काढून आकडा जुळवलात तर थंड झाल्यावर ती कमीच भरणार. वहीत ट्रॅक्टरचा नंबर, टायरचा साइज, पाणी भरलंय का, आधीचा दाब, नंतरचा दाब आणि तारीख लिहा. पुढच्या फेरीत एकाच चाकाचा आकडा २-३ ने उतरलेला दिसला, तर तिथे बारीक पंक्चर आहे हे मालकाच्या आधी तुम्हाला कळतं.

पहिली फेरी मेच्या शेवटच्या आठवड्यात उरका. पाऊस धरला की ट्रॅक्टर दारात सापडत नाही. दुसरी दिवाळीनंतर, ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आधी.