स्वेच्छा-बंदी : जुगाराचे दार आपणच आपल्यासाठी बंद करणे



दिवाळी सरली की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दंडार होते, नाटक होते, लेकी-जावई येतात. त्याच गर्दीच्या आडोशाला तीनपत्तीचा डाव बसतो, कुठे कोंबडबाजार भरतो. सट्टापट्टीला तर मंडईही लागत नाही, पानठेला पुरतो. आणि अलीकडे पानठेल्यापर्यंतही जावे लागत नाही, कारण जुगार मोबाईलमधून खिशातच येऊन बसला आहे.

जुगार वाईट, हे सांगणारे पुष्कळ आहेत. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याला वैरी होतात, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, संपत्ती घटते, सभेत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही, मित्र त्याला तुच्छ लेखतात आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. या सहांपैकी चौथा तोटा मी बँकेच्या काउंटरवर रोज पाहतो. कर्जाला जामीन मिळत नाही, तेव्हा कारण बहुधा साऱ्या गावाला ठाऊक असते.

परंतु सोडायचे ठरवलेल्या माणसाने नेमके करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा विकार म्हणून नोंदला आहे. हरलेले पैसे पुढच्या डावात भरून काढू, ही या व्यसनाची एक खूण. म्हणजे ज्या क्षणी निश्चय लागतो, त्याच क्षणी तो हाताशी नसतो. म्हणून मन शांत असताना असे काही करून ठेवावे, की मन तापल्यावर ते आपल्याला मोडता येऊ नये. स्वेच्छा-बंदी म्हणतात ती हीच.

अमेरिकेतील मिसूरी राज्याने 1996 मध्ये अशी यादी सुरू केली. माणूस स्वतः अर्ज करतो, ओळख पटवतो, आपले नाव बंदीच्या यादीत घालून घेतो. त्यानंतर तो कॅसिनोत शिरला तर तो बेकायदा प्रवेशाचा गुन्हा होतो. सुरुवातीला ही बंदी आजन्म होती. ब्रिटनमध्ये 2018 पासून ऑनलाइन जुगारासाठी एकच नोंदणी आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे यांपैकी मुदत निवडायची. मधेच माघार नाही. मुदत संपली तरी दार आपोआप उघडत नाही, पुन्हा मागणी करून एक दिवस थांबावे लागते. सिंगापूरमध्ये तर पत्नी किंवा आईवडीलसुद्धा घरच्या माणसावर बंदीसाठी अर्ज करू शकतात. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे घर बुडते तेव्हा सही करणारा एक असतो आणि फेडणारे पाच.

या पद्धतीची मर्यादाही आहे. परवाना असलेल्या जागीच ती चालते. चोरट्या अड्ड्यावर यादी कोण वाचणार? आपल्या राज्यात हीच अडचण आहे. इथे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. कॅसिनोंसाठी 1976 मध्ये केलेला कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात कॅसिनो आहेत. तेथे 2020 पासून गोवेकरांनाच खेळण्यास मनाई झाली, पण ती सरकारने घातलेली, माणसाने स्वतःहून घेतलेली नव्हे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला. त्यात खेळवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांची देवघेव करून देणाऱ्यांना शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यापूर्वी काही रमीच्या अॅपवर स्वतःचे खाते ठराविक काळ बंद ठेवण्याची सोय असे. पण एक बंद केले की दुसरे उघडायला किती वेळ लागतो?

सट्टापट्टीवाल्याकडे आपण नाव नोंदवू शकत नाही. मग दार कुठे बंद करायचे? माझ्या मते पैसा निघतो तिथे, म्हणजे बँकेत.

2023 च्या उन्हाळ्यात, क्रिकेटचे सामने चालू असताना, एक शिक्षक पत्नीसह आमच्या शाखेत आले. त्यांनी स्वतःच विचारले, "साहेब, माझेच पैसे मला सहज मिळू नयेत, असे काही होईल का?" असा प्रश्न बँकेत क्वचित येतो. दोघांच्या नावे नवे बचत खाते उघडले, व्यवहार दोघांच्याही सहीने. नेहमीच्या 'दोघांपैकी कोणीही' या सूचनेत एकटा माणूस पैसे काढू शकतो, हा फरक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. दोघांच्या सहीच्या खात्यावर साधारणतः एटीएम कार्ड मिळत नाही, मोबाईलवरून पैसे जात नाहीत. पगाराच्या दुसऱ्या दिवशी घरखर्चाची रक्कम तिकडे वळावी, अशी स्थायी सूचना त्यांनी लिहून दिली. मुदत ठेवही दोघांच्या सहीची केली. पगार खात्याच्या कार्डाची ऑनलाइन मर्यादा कमीत कमी ठेवली. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करण्याची सोय 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने सर्व बँकांत आहे.

यातही फट आहेच. बंद केलेले कार्ड ग्राहक स्वतः रात्री बारा वाजताही चालू करू शकतो. ब्रिटनमधील काही बँकांत जुगारासाठी लावलेला अडसर काढायला 48 तास थांबावे लागते. तेवढी तरतूद आपल्याकडे झाली तर किती घरे सावरतील!

वीस-बावीस दिवसांनी ते गुरुजी एकटेच आले. ठेव मोडायची होती. मी अर्ज पुढे केला आणि दुसऱ्या सहीची जागा दाखवली. ते बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मग अर्ज घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बाईला घेऊन येतो." आले नाहीत.

नंतर एकदा त्यांच्या पत्नी पासबुक भरायला आल्या होत्या. बचत गटातून त्यांच्या नावे उचललेल्या कर्जाचे तीन हप्ते अजून बाकी होते. गुरुजी मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊ लागले होते. आधी त्यांनी 14416 या सरकारच्या विनामूल्य मानसिक आरोग्य दूरध्वनीवर बोलणे केले होते. हा क्रमांक 2022 पासून चालू आहे आणि मराठीतही बोलता येते. पासबुक मिटताना त्या एवढेच म्हणाल्या, "सही मागायला येतात मला. कशाला पाहिजे, तेही सांगतात आता."