पर्सेंटाइल किती हवेत? आधी दार कोणतं ते ठरवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका वडिलांनी खुर्चीत बसताबसताच मुलाचा निकाल टेबलावर ठेवला. "सर, 84 पर्सेंटाइल भेटले पोराले. आता एमबीए होत नाही काय याचं?" मुलगा मान खाली घालून शेजारी बसला होता. सीईटीचा निकाल लागला की असे पालक दरवर्षी येतात, आणि त्यांना हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. एमबीएच्या प्रवेशात गुणांची किंमत सगळीकडे सारखी नसते.

84 पर्सेंटाइल म्हणजे 84 टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातले साधारण 84 जण तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आयआयएमच्या प्रवेशासाठी असलेल्या कॅट परीक्षेला आता दरवर्षी अडीच-तीन लाख मुलं बसतात. तिथे 90 पर्सेंटाइल मिळाले तरी पुढे पंचवीस-तीस हजार जण असतात. शेजारच्याच्या मुलाला कॅटमध्ये 90 आणि आपल्याला सीईटीत 84, अशी तुलना म्हणूनच करू नका. परीक्षा वेगळी, बसणारे वेगळे.

पहिलं दार आपल्या राज्याचं. सीईटी सेलची एमबीए सीईटी आणि तिच्यानंतरची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची फेरी. इथे मुलाखत नाही, गटचर्चा नाही. गुणवत्ता यादी लागते, विकल्प अर्जात भरलेल्या क्रमाने जागा मिळते. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत खुल्या वर्गातून जायचं तर 99 च्याही पुढे, दशांशांची लढाई असते. या दारात गुण जवळपास सर्वस्व आहेत. इथे "मार्कांना फार महत्त्व देऊ नका" असं सांगणारा माणूस मुलांची दिशाभूल करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

या परीक्षेत 200 प्रश्न आणि अडीच तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरीही सरावाच्या पेपरात पंचवीस-तीस प्रश्न कोरे सोडून येणारी मुलं मला नेहमी दिसतात. "येत नव्हतं म्हणून सोडलं" हा प्रामाणिकपणा इथे महाग पडतो. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या प्रत्येक प्रश्नावर एक पर्याय निवडायचाच. तर्कशुद्ध विचारावर 75 प्रश्न असतात आणि त्यांत इंग्रजीचा धाक तुलनेने कमी, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी तयारी तिथूनच सुरू करावी. कॅटमध्ये मात्र पर्यायी प्रश्नाचं चुकीचं उत्तर एक गुण कमी करतं. सीईटीची सवय तिथे नेऊ नका.

दुसरं दार आयआयएमचं. 2015 साली नागपुरात आयआयएम सुरू झाली, आता तिचा परिसर मिहानमध्ये आहे. यवतमाळहून दीडशे किलोमीटर. या संस्था कॅटच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात, पण सोबत दहावी, बारावी, पदवी आणि नोकरीचा अनुभवही बहुतेक ठिकाणी मोजतात. अहमदाबादच्या आयआयएमने अलीकडच्या वर्षांत अंतिम निवडीत मुलाखतीला 50 टक्के आणि कॅटला 25 टक्के वजन दिलं आहे. परीक्षेत मागे असलेला तिथे पुढे जाऊ शकतो, आणि 99 वाला परतही येतो.

मुलाखत म्हटली की आपल्याकडची मुलं दबतात. घाटंजी तालुक्यातल्या एका मुलीचा सराव घेत होतो. स्वतःबद्दल सांग म्हटलं तर तिने इंग्रजीत पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. वडील शेतकरी आहेत, इथे थांबली. मी मराठीत विचारलं, यंदा कापूस कितीला दिला? त्या हंगामात, म्हणजे 2024-25 ला, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता; या भावाने खरेदी भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय करतं. ती म्हणाली, बाबानं दिवाळीआधीच गावातल्या व्यापाऱ्याला त्याहून कमी भावात दिला. का? "ओलावा जास्त होता सर. सीसीआय बारा टक्क्यांच्या वर घेत नाही. वाळवून ठेवायला जागा नव्हती, आणि हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे पाहिजे होते." पुढची दहा मिनिटं ती थांबली नाही. जिनिंगच्या काट्यावर गाडी किती वेळ उभी राहते, ओलावा कसा मोजतात, पैसे खात्यात कधी येतात. साठवण, खेळतं भांडवल, भावातली जोखीम, यावर एमबीएच्या वर्गात महिनोन्महिने चर्चा होते. तिने ते घरात पाहिलं होतं. फक्त ते सांगण्यासारखं आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. गुण वाढावेत एवढ्यासाठी पदवीनंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षं पुण्या-नागपुरात खोली करून नुसता अभ्यास करत बसणं. एक वर्ष समजू शकतो. त्यापुढे मुलाखतीत "ही वर्षं काय केलं?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही. त्यापेक्षा बँकेत, जिनिंगमध्ये, लोहारा एमआयडीसीत, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या हिशेबात काम करत परीक्षा द्या. पगार कमी असला तरी चालेल.

आता खर्चाचं. बहुतेक आयआयएमची दोन वर्षांची फी पंधरा लाखांच्या वर आहे, पण अशा संस्थांसाठी बँका तारण न घेता कर्ज देतात, त्यामुळे फी ऐकून अर्जच न भरण्याची चूक करू नका. राज्यातल्या कॉलेजात शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलत हवी असेल तर प्रवेश कॅप फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ती मिळत नाही, आणि हे अनेकांना फी भरल्यावर कळतं. पैसे घेऊन पर्सेंटाइल वाढवून देतो, असा फोन आला तर तो ठेवून द्या आणि पोलिसांना कळवा. जमीन गहाण टाकून असे पैसे देऊ नका.

दारव्ह्याच्या त्या मुलाला मी विकल्प अर्ज नीट भरायला बसवलं. नुसती पुण्या-मुंबईची नावं न भरता अमरावती, नागपूरचीही भरली. 84 मध्ये त्याचं एमबीए संपलेलं नाही. कॅट द्यायची का, हे तो नोकरी करत ठरवेल.

ओबीसी प्रवर्गातले असाल तर एक काम मात्र आजच करा. आयआयएमला राज्याचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं. पुसद, दिग्रस, आर्णीकडच्या बंजारा मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावं. राज्यात तुम्ही विमुक्त जातीत येता, केंद्रात तो प्रवर्गच नाही, तिथे ओबीसीतून अर्ज करायचा असतो. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. त्याआधी सेतू केंद्रात जाऊन या.