कापूस निघाला की देतो

हसनाबादेत मिरची कांडपाचं यंत्र टाकलं, तेव्हा घरच्यांना एकच धास्ती होती, गिऱ्हाईक येईल का? गिऱ्हाईक आलं. आमच्या भोकरदन तालुक्यात मिरचीला तोटा नाही आणि उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करून ठेवायची रीत अजून मोडलेली नाही. अडलं ते भलतीकडेच.

कांडपाची मजुरी रोख मिळते. माल गिऱ्हाइकाचा, वीज आणि मेहनत आपली. पण मजुरीवर पोट भरतं, नाव होत नाही, म्हणून मी तिखटाची पाकिटं काढली. मिरची रोखीनं घ्यायची आणि पाकिटं किराणा दुकानांत उधारीवर ठेवायची. दुकानदार म्हणे, गिऱ्हाईक देईल तेव्हा देतो. गिऱ्हाईक म्हणे, कापूस निघाला की देतो. कापसाचे पैसे येतात दिवाळीच्या आगेमागे, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. वहीत नफा दिसायचा आणि गल्ल्यात पुढच्या पोत्यापुरते पैसे नसायचे.

भाव काढतानाही असंच फसायला होतं. समजा, मिरची २०० रुपये किलो आहे. १०० किलो घेतली, वाळवली, देठ काढले, कुटली की हाती ९० किलो तिखट आलं. म्हणजे वीज, मजुरी, पाकीट धरण्याआधीच किलोमागे २२२ रुपये पडले. खरेदीवर वीस रुपये चढवून विकणारा तोट्यात विकतो, आणि माल खपतोय म्हणून खूश असतो!

अनुदानाच्या भरवशावरही खरेदी करू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी २५ ते ३५ टक्के अनुदान आहे. पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं.

आमच्या जालन्यात उद्योगाचा विषय निघाला की महिको या बियाणे कंपनीचं नाव निघतंच. १९६४ साली कंपनी काढण्याआधी बद्रीनारायण बारवाले यांनी शेतात भेंडीचं बी पिकवून पाहिलं होतं, तेवढं मात्र सांगायचं राहून जातं. तुम्हीही आधी दुसऱ्याच्या यंत्रावर दोन पोती कुटून आणा, रोखीनं विकून पाहा, मग कर्जाचं बोला.

रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज करताना प्रकल्प अहवालात शेड आणि यंत्राच्या जोडीला खेळतं भांडवलही मांडा. या योजनेत ते धरता येतं. आणि दुकानदाराला दुसरी खेप पहिलीचे पैसे हाती आल्यावरच द्या, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना.